स्वमग्न मुलाचे घर आणि घरासाठीची मदत

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या मुलाच्या कुटुंबासाठीच्या आधारसेवांमध्ये बरेच काही येते: पालकांचे प्रशिक्षण, पालकगट, समुपदेशन, काही तासांचा किंवा दिवसांचा विसावा, आरोग्यविमा, आर्थिक सवलती आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर लागणारे कायदेशीर पालकत्व. या सेवा वापरणारी घरे मात्र थोडीच असतात. मदत मुलाला लागते, आईला लागत नाही, हा समज त्याच्या मुळाशी आहे. दवाखान्यात तो वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. 'आधी याचं मार्गी लागू दे, मग माझं बघते.' 'मला काय धाड भरलीय?' 'याला दुसऱ्याच्या हाती देऊन मी झोपा काढू का?' ही वाक्ये मायेपोटी येतात, म्हणून त्यांना कोणी अडवत नाही. वैद्यकीयदृष्ट्या ती चूक आहेत आणि त्या चुकीचा त्रास शेवटी मुलालाच होतो.

हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास १६८. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) मिळून मुलाची सेशन्स होतात तीन-चार तासांची. शाळेचे तास वजा केले तरी उरलेला बहुतेक वेळ मूल घरात आणि बहुतांशी आईपाशी असते. दात घासून घेणे, शर्टाचे लेबल टोचते म्हणून ते उसवणे, भातात वरण मिसळलेले चालत नाही म्हणून वेगळे ताट वाढणे, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळणाऱ्या मुलाला शांत करणे, हे सगळे त्या उरलेल्या तासांत होते. खरे शिक्षणही तिथेच होते. ते करणारी व्यक्ती रात्र रात्र जागून चिडलेली असेल, तर पदरमोड करून घेतलेली थेरपी केंद्राच्या दारातच राहते.

आईकडे दुर्लक्ष होण्यामागे जुना दोषारोपही आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकात नोंदवली. पुढे आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही कल्पना पसरली आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला मोठी प्रसिद्धी दिली. तिला आधार नव्हता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच ती खोडून काढली होती. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही आपल्याकडे तो आरोप नवे कपडे घालून येतो: गरोदरपणी टेन्शन घेतले, नोकरी सोडली नाही, हातात मोबाईल दिला. मोबाईल कमी करणे कोणत्याही लहान मुलासाठी चांगलेच; पण मोबाईलने मूल स्वमग्न होत नाही. सासरच्या बैठकीत रोज अपराधी ठरणारी बाई स्वतःसाठी मदत मागायला धजत नाही. म्हणून निदान सांगताना आजी-आजोबांनाही समोर बसवावे. 'यात हिची चूक नाही' हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून सगळ्यांनी एकदा तरी ऐकायला हवे.

एक उदाहरण बोलके आहे. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईची मागणी एवढीच होती की मुलाला झोपेचे औषध द्या. तो रात्री दोन-अडीचपर्यंत जागतो. चौकशीत हळूहळू बाकीचे निघाले. उरलेले सर्दीचे सिरप ती महिनाभर त्याला रोज रात्री पाजत होती. अशा औषधांनी काही मुले गुंगण्याऐवजी जास्तच चेकाळतात, आणि इथे तसेच झाले होते. तिच्या स्वतःच्या थायरॉइडच्या गोळ्या सहा महिन्यांपूर्वी संपल्या होत्या, त्या पुन्हा आणल्याच नव्हत्या. ओळखीच्या केमिस्टकडून आणलेली झोपेची गोळी मात्र ती एकाआड एक रात्री घेत होती. रक्तदाब भरला १७० आणि ११०. मुलाच्या फाइलमध्ये चार वर्षांचे कागद होते. आईची फाइलच नव्हती. उपचार आईपासून सुरू झाले. सिरप बंद झाले, झोपेची गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली, आठवड्यातल्या तीन रात्री वडिलांनी घेतल्या आणि संध्याकाळचा दिनक्रम बांधून दिला. दोन महिन्यांनी मूल साडेअकराच्या सुमारास झोपू लागले. आदर्श म्हणावे असे हे नाही. पण त्या घरासाठी पुष्कळ आहे.

काळजी घेणाऱ्या माणसात पुढील गोष्टी दिसल्या तर त्या थकव्याच्या खात्यावर टाकू नयेत. मूल झोपल्यावरही झोप न लागणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे किंवा आवडत्या गोष्टीतला रस जाणे. स्वतःची साखरेची, रक्तदाबाची औषधे चुकणे. मुलावर वारंवार हात उगारला जाणे आणि मग कोपऱ्यात बसून रडणे. लग्नकार्याला, हळदीकुंकवाला, शेजारीसुद्धा जाणे बंद होणे. झोपेसाठी गोळी किंवा दारू लागणे. यात लाजण्यासारखे काही नाही. नैराश्य हा आजार आहे आणि तो उपचारांनी हटतो. मूल मोठे होऊन मारायला, चावायला लागले असेल, तर ती लपवण्याची बाब नव्हे. अचानक वाढलेल्या मारकुटेपणामागे कित्येकदा दुखणारा दात, कान किंवा बद्धकोष्ठता असते, आणि मुलाला ते सांगता येत नाही. अशा वेळी आधीच्या चिठ्ठीवरच्या औषधाचा डोस घरच्या घरी वाढवणे धोक्याचे आहे. स्वतःला किंवा मुलाला संपवण्याचा विचार मनात आला, तर सकाळची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी उठवावे आणि रुग्णालय गाठावे. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

सेवांमध्ये सर्वांत मोलाचे आहे पालक-प्रशिक्षण. मूल काय दाखवते आहे ते ओळखणे, त्याच्या खेळात शिरणे, वाक्ये लहान करणे, बोलून झाल्यावर उत्तरासाठी थांबणे, ही कौशल्ये शिकता येतात. गोव्यात 'संगत' संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत तिथल्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात आला. त्यात पालकांना शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यकार्यकर्ते होते. तरीही पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद करू लागली. जागतिक आरोग्य संघटनेचाही दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असाच कार्यक्रम आहे: नऊ गटसत्रे आणि तीन घरभेटी. मोठ्या शहरातले महागडे केंद्र परवडत नाही म्हणून सगळे संपले, असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांशी जोडलेली आहेत आणि तिथली तपासणी मोफत असते. सुरुवात तिथून करता येते.

पालकगटांचे महत्त्व डॉक्टरांनीही कमी लेखू नये. या क्षेत्रातल्या बहुतेक सेवा पालकांनीच उभ्या केल्या आहेत. दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था मेरी बारुआ यांनी १९९१ मध्ये सुरू केली, त्या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम हा पालकांचाच गट आहे; मुंबईतले उम्मीद आणि पुण्यातले प्रसन्न ऑटिझम सेंटर कुटुंबाला धरून काम करतात. कोणता न्हावी मुलाचे केस धीराने कापतो, कोणता दंतवैद्य घाई करत नाही, हे दुसऱ्या आईलाच माहीत असते. फक्त या गटांतून फिरणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्या तिथेच सोडाव्यात. दुसऱ्याच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला कधीही देऊ नये.

विसाव्याची सोय आपल्याकडे सर्वांत अपुरी आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत अल्पकाळ निवासाची तरतूद आहे, पण मोठ्या शहरांबाहेर अशी केंद्रे विरळच. तोवर घरातच वाटणी करावी लागते. मावशीने किंवा काकांनी आठवड्यातून तीन तास मुलासोबत बसावे, आणि त्यासाठी आधी दोन-तीनदा आईच्या समोर मुलाची सवय करून घ्यावी. त्या तीन तासांत आईने किराणा आणायचा नाही. वडिलांचा वाटा फीपुरता ठेवणाऱ्या घरांत हे जास्तच निकडीचे. भावंडांनाही वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे आणि त्यांच्या वाट्याचा वेळ राखून ठेवावा. 'पुढे तुलाच बघायचंय' हे ओझे आठ वर्षांच्या बहिणीवर टाकू नये.

कागदपत्रांना घाबरणारी घरे पुष्कळ आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले की शिक्का बसतो, अशी भीती असते. वास्तविक प्रमाणपत्र हेच सेवांचे दार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये भारतीय मोजपट्टीवर, म्हणजे ४० मुद्द्यांच्या आयएसएए चाचणीवर, तीव्रता ठरते आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. त्यावर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी नसेल, तर जुन्या करप्रणालीत पालकाला ७५ हजार रुपयांची वजावट मिळते, तीव्र असेल तर सव्वा लाखाची. राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा वर्षाला एक लाखापर्यंतचा आहे; त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा, बाह्यरुग्ण उपचारांचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात बसतो. त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि अनेकजण नेमके तेच विसरतात.

पैशांचा विषय निघाला की 'बरे करून देतो' म्हणणाऱ्यांचा उल्लेख टाळता येत नाही. मूलपेशींची इंजेक्शने, शरीरातले जड धातू काढणारी औषधे, दाबाखालचा ऑक्सिजन, इंटरनेटवरचे आहार आणि पुड्या यांत ठेवी मोडल्या जातात, दागिने गहाण पडतात. यांपैकी कशानेही स्वमग्नता बरी होत नाही. धातू काढण्याच्या उपचारात २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचार करू नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. उतारे, गंडे आणि हमखास गुण देणारे महाराज यांच्या दारातही तोच वेळ आणि तोच पैसा जातो. फसलेल्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्यांच्या आशेवर धंदा करणाऱ्यांचा. एवढ्या पैशात कित्येक घरांना वर्षभराचा मदतनीस ठेवता आला असता.

'आमच्यानंतर याचं काय?' हा प्रश्न रात्री जागवतो. त्याच्यासाठीही सेवा आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती गरज पाहून कायदेशीर पालक नेमते. अर्ज आईवडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. त्याने हयगय केली किंवा मालमत्तेचा गैरवापर केला तर त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करता येतो. मूल सतरा वर्षांचे असतानाच यूडीआयडी, आधार आणि बँक खात्याचे कागद एकत्र ठेवून समितीच्या कार्यालयात चौकशी करावी.