वीज जाणारच, असं धरून चला

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये जे हिमवादळ आलं, त्यात माणसं कशाने दगावली याची आकडेवारी तिथल्या राज्य आरोग्य खात्याने प्रसिद्ध केली आहे. क्वचित बर्फ पडणाऱ्या भागात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराने ती एकदा नजरेखालून घालावी, असं मला मनापासून वाटतं. खात्याच्या नोंदीनुसार मृत्यू 246. त्यांतले 161 जण गारठ्याने गेले, 25 जणांचा जुना आजार बळावला, 22 जण वाहन अपघातात, 19 कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने, 10 आगीत आणि 9 पडून. काही स्वतंत्र अंदाज याहून बरेच मोठे आहेत. हिमवादळ म्हटलं की आपल्याला आधी भीती वाटते ती निसरड्या रस्त्याची. ती खोटी नाही. वादळाच्या ऐन आधी, 11 फेब्रुवारीला, फोर्ट वर्थ शहरात पावसाचं पाणी रस्त्यावर गोठून 130 हून अधिक वाहनं एकमेकांवर आदळली आणि सहा जीव गेले. तरी या आकड्यांत रस्त्याचा वाटा दहातला एकसुद्धा नाही. गारठून गेलेल्यांतले अनेक जण स्वतःच्या घरात होते, विषारी वायूने बहुतेकांना घरात, गॅरेजमध्ये किंवा गाडीत गाठलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: जिथे बर्फ वर्षानुवर्षं पडत नाही तिथे बर्फाची तयारी करू नका, वीज, पाणी आणि रस्ता हे तिन्ही एकाच वेळी चार-पाच दिवस बंद पडतील याची तयारी करा. फावडं आणि बर्फाचे बूट नंतर आणले तरी चालतील.

वीज जाणारच असं धरायचं का, तर त्या रात्री काय झालं ते पाहावं. 15 फेब्रुवारीच्या पहाटे गॅसवर चालणारी केंद्रं, गॅसच्या विहिरी, काही पवनचक्क्या, एका अणुऊर्जा केंद्राचा संच, असं एकेक गोठून किंवा इंधनाअभावी बंद पडत गेलं, आणि त्याच वेळी लाखो घरांतले विजेचे हीटर पूर्ण जोरात चालू होते. ग्रिडची वारंवारिता 60 हर्ट्झवर राहायला हवी, ती 59.4 च्या खाली घसरली आणि 4 मिनिटं 23 सेकंद तिथेच राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेली केंद्रंही आपोआप सुटली असती आणि संपूर्ण राज्य अंधारात जाऊन पुन्हा उभं राहायला कदाचित काही आठवडे लागले असते. ते टाळण्यासाठी तब्बल 20,000 मेगावॉटची मागणी तोडावी लागली. 45 लाखांहून अधिक घरं अंधारात गेली. टेक्सासचं ग्रिड देशाच्या पूर्व आणि पश्चिम जाळ्यांपासून जवळजवळ वेगळं ठेवलेलं आहे, त्यामुळे शेजारून फारशी वीज आणताही आली नाही. राज्याच्या पश्चिम टोकाचं एल पासो शहर पश्चिमेच्या जाळ्याला जोडलेलं आहे, तिथे ही पाळी आली नाही.

आता यातली जी गोष्ट आपल्या माणसांना जास्त लागू पडते ती अशी. महाराष्ट्रात वाढलेल्या पिढीला भारनियमन ठाऊक आहे. वेळापत्रक असतं, वीज जाते, ठरल्या वेळी येते, आणि तेवढ्यापुरतं माणूस थांबतं. टेक्सासमध्येही आधी सांगितलं गेलं की वीज आळीपाळीने जाईल. प्रत्यक्षात तोडायचा भार इतका मोठा होता की रुग्णालयं, पाणीपुरवठा अशा अत्यावश्यक जोडण्यांचे फीडर वगळल्यावर फिरवायला फारसे फीडर उरलेच नाहीत. ज्यांची वीज पहाटे गेली ती अनेकांकडे दोन-तीन दिवस आली नाही, आणि ज्यांच्या लाइनवर रुग्णालय होतं त्यांची गेलीच नाही. येईल तासाभरात, या भरवशावर बसलेल्यांचा पहिला दिवस वाया गेला, आणि नेमका पहिलाच दिवस असा असतो की घरात थोडी ऊब शिल्लक असते, नळाला पाणी असतं, फोनला चार्ज असतो. म्हणून वीज गेली की लगेच, पहिल्या तासातच, ती चार दिवस येणार नाही असं समजून हालचाल करावी. आली तर बरंच झालं.

हालचाल म्हणजे काय? सगळं कुटुंब एका खोलीत आणायचं. शक्यतो लहान, कमी खिडक्यांची, आतल्या बाजूची खोली निवडावी. दाराच्या फटीत टॉवेल, खिडकीवर रजया, जमिनीवर गालिचा. कपडे सैल आणि थरांनी घालायचे, टोपी आणि मोजे घरातही. म्हाताऱ्या माणसांकडे सतत लक्ष हवं, कारण शरीराचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो आणि त्यात बुद्धीच आधी मंदावते, म्हणून ज्याला होतो त्याला स्वतःला कळत नाही. बोलणं अडखळायला लागलं, हातातली वस्तू निसटायला लागली, इतका वेळ चाललेलं कुडकुडणं अचानक थांबलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. ती धोक्याची खूण आहे. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आई-वडील इथे विशेष ध्यानात घ्यावेत. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पंधरवड्याच्या तरी शिलकीत हव्यात, आणि कुणी विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन यंत्रावर असेल तर वादळाचा इशारा मिळताच, रस्ते चालू असतानाच, त्या माणसाला वीज राहील अशा ठिकाणी हलवायला हवं.

ऊब मिळवण्याच्या धडपडीतच विषारी वायूचे ते 19 मृत्यू झाले आहेत, आणि इथे आपली सवय आपल्या विरोधात जाते. गावाकडे थंडीत शेगडी पेटवून भोवती बसणं यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण कौलांतून, दाराच्या फटींतून, झरोक्यातून हवा खेळत असते. अमेरिकेतलं घर वातानुकूलनासाठी हवाबंद केलेलं असतं. तिथे कोळशाची शेगडी, बार्बेक्यूची ग्रिल किंवा जनरेटर आत आणला की कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. घरातल्या सगळ्यांना एकदमच असं व्हायला लागलं तर तो फ्लू नव्हे, तडक बाहेर पडा आणि 911 ला फोन करा. जनरेटर घरापासून किमान 20 फूट दूर, खिडक्या-दारांच्या विरुद्ध दिशेला धूर जाईल असा ठेवायचा. गॅरेजचं दार उघडं ठेवलंय म्हणून आत चालवला तर चालेल, हा समज जीवघेणा आहे. गाडीत बसून ऊब घ्यायची तर गाडी गॅरेजच्या पूर्ण बाहेर हवी आणि सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही हे आधी उतरून पाहायला हवं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांतच गेली. काचा बंद, इंजिन चालू, असंच त्यातल्या कित्येकांचं झालं असावं असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही या सगळ्या तयारीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. गॅसची शेगडी असेल तर विजेविना तिचा लायटर चालणार नाही, काडीने पेटवता येते, पण ती स्वयंपाकापुरतीच. ओव्हन उघडा ठेवून खोली तापवू नये.

पाण्याची गोष्ट मी जरा विस्ताराने मांडतो, कारण घराचं सर्वाधिक नुकसान त्यानेच होतं. टेक्सासमधल्या घरांत पाण्याचे पाइप बऱ्याचदा माळ्यावरून, छताखालून किंवा बाहेरच्या भिंतीतून गेलेले असतात, कारण तिथे बांधकामाला खरी भीती उन्हाळ्याची. बाहेरचं तापमान उणे 7 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की असे उघडे पाइप गोठायला लागतात. डॅलसला तेव्हा उणे 19 झालं होतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, पण पाइप फुटतो तो बहुधा बर्फाच्या गोळ्यापाशी नाही. बर्फ पुढे सरकत जातो आणि बर्फ व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो. तो दाब जिथे पाइप कमजोर असेल तिथे फोडतो. नळ ठिबकत ठेवा असं सांगतात ते यासाठी: वाहत्या पाण्याने गोठणं थोडं लांबतं, पण मुख्य म्हणजे दाबाला वाट मिळते. यावर एक रास्त आक्षेप आहे. ह्यूस्टनमध्ये त्या वेळी नळ ठिबकत ठेवू नका, असं शहराच्या प्रशासनालाच सांगावं लागलं, कारण लाखो नळ एकदम सुरू राहिले तर शहराचा पाण्याचा दाब कोसळतो, आग विझवायलाही पाणी उरत नाही. मग करायचं काय? वीज आहे, घर उबदार आहे, तोवर ठिबक ठेवा. वीज गेली आणि घर थंड पडायला लागलं की आधी बादल्या, पातेली, बाथटब भरून घ्या, मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, वॉटर हीटरचा ब्रेकर पाडा किंवा गॅस बंद करा, आणि घरातले सगळ्यात वरचे व सगळ्यात खालचे नळ उघडून पाइप रिकामे करा. रिकाम्या पाइपात फुटायला काही उरत नाही. त्यासाठी मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे आज, कोरड्या उन्हात, पाहून ठेवायला हवं. बऱ्याच घरांत तो अंगणातल्या मीटरच्या झाकणाखाली असतो आणि त्याला लांब दांड्याची चावी लागते. ती हार्डवेअरच्या दुकानात वादळाच्या आदल्या दिवशी मिळत नाही. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये व्हॉल्व्ह आपल्या हाती नसतो, तेव्हा तो कोण बंद करणार आणि रात्री त्याला फोन कुठे करायचा हे व्यवस्थापनाला आधीच विचारून ठेवावं.

नळाला पाणी परत येतं तेव्हाही ते पिण्याजोगं असेलच असं नाही. त्या वादळानंतर राज्यात 1 कोटी 40 लाख लोकांना पाणी उकळूनच प्या असं सांगितलं गेलं, आणि त्यांच्यातल्या कित्येकांकडे चूल विजेची होती. म्हणून माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असं पिण्याचं पाणी चार-पाच दिवसांचं भरलेलं हवं. खाण्याचं आपल्याला अवघड नाही. दडपे पोहे, लाह्यांचं पीठ, गूळ-शेंगदाणे, खाकरे, दुधाची पावडर, हे सगळं विस्तवाशिवाय होतं.

कुणी म्हणेल, असं वादळ एका पिढीत एकदा येतं, त्यासाठी इतका खटाटोप कशाला. टेक्सासमध्ये अशाच थंडीने 1989 मध्ये वीज तोडावी लागली, 2011 मध्ये पुन्हा तोडावी लागली, आणि मग 2021. 2011 नंतरच्या केंद्रीय चौकशी अहवालात वीजकेंद्रं आणि गॅसच्या यंत्रणा थंडीसाठी सज्ज करा असं स्पष्ट म्हटलं होतं, पण ती शिफारस होती, सक्ती नव्हती. यावरून दुसरा आक्षेप निघतो की हे सरकारचं आणि कंपन्यांचं काम, त्याचं ओझं सामान्य माणसाने का वाहावं. दोष कुणाचा याबद्दल माझं दुमत नाही. जे गेले त्यांतले बहुतेक निष्काळजी नव्हते, म्हातारे, आजारी, गरीब होते, आणि त्यांना व्यवस्थेने उघड्यावर सोडलं. 2021 च्या जूनमध्ये वीजकेंद्रांना थंडीची सज्जता बंधनकारक करणारा कायदा झाला, तो दहा वर्षं आधीच व्हायला हवा होता. पण कायदा वीजकेंद्र सुधारतो, तुमच्या माळ्यावरचा पाइप नाही, आणि वृद्ध शेजारणीच्या दारावर थाप मारायला ग्रिडचा माणूस येत नाही. तिसरा आक्षेप शिकागो-मिनेसोटावाल्या नातेवाइकांकडून येतो: आम्ही उणे 20 मध्ये रोज कामावर जातो. जातात, कारण तिथली घरं, पाइप, टायर आणि बर्फ काढणारे ट्रक त्यासाठीच आहेत. तरी डिसेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो परिसरात, जिथे बर्फ दरवर्षीचाच, 40 हून अधिक माणसं गेली: काही गाडीत, काही रस्त्यावर, काही हीटर बंद पडलेल्या घरात, काही रुग्णवाहिका पोचू न शकल्याने. बर्फाची सवय असलेलं शहरही तीन सेवा एकदम बंद पडल्या की तितकंच असहाय होतं.

ऊन पडलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि फुटलेले पाइप तेव्हाच कळतात, कारण तोवर बर्फानेच भोक बुजवलेलं असतं. म्हणून पाइप रिकामे केले असतील तर पाणी परत सोडताना घरात कुणीतरी हवं, व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडायचा, भिंतीला कान लावून ऐकायचं, छतावर ओल दिसते का पाहायचं. छत फुगलं असेल तर त्याखाली उभं राहू नका. पाणी विजेच्या बोर्डापर्यंत गेलं असेल तर ब्रेकरला हात न लावता इलेक्ट्रिशियनला बोलवा. काहीही फेकण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, फुटलेला पाइपचा तुकडा जपून ठेवा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पण तिच्या माणसाची वाट पाहत ओला गालिचा तसाच ठेवू नका, कारण बुरशी एक-दोन दिवसांत धरते, आणि नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीत बहुधा तुमचीच जबाबदारी असते. अचानक फुटलेल्या पाइपचं नुकसान घराच्या विम्यात सहसा बसतं. भाडेकरूचं सामान मात्र घरमालकाच्या विम्यात येत नाही, त्याला स्वतःचा वेगळा विमा लागतो, आणि नव्याने आलेल्या तरुण मुलांचा नेमका तोच काढायचा राहून जातो. प्लंबर मिळायला आठवडे लागतात, तेव्हा दारोदार फिरून आधी सगळे पैसे मागणारे कंत्राटदार येतात. परवाना पाहिल्याशिवाय आणि काम लेखी घेतल्याशिवाय त्यांना पैसे देऊ नका.