नव्या वस्तीचा भार आणि शाळेचा हिस्सा

शेंद्रा म्हटले की चैत्रातील मांगीरबाबांची यात्रा आठवावी, अशी या परिसराची जुनी ओळख. अलीकडे तीत कारखान्यांची भर पडली. 2001 साली येथे मोटारनिर्मिती सुरू झाली. पुढे ऑरिक ही औद्योगिक नगरी आखली गेली व 7 सप्टेंबर 2019 रोजी तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. कारखान्यामागून कामगार येतो, कामगारामागून त्याचे बिऱ्हाड येते आणि बिऱ्हाडाबरोबर शाळेच्या वयाची मुले येतात. त्यांच्या वर्गखोलीचा खर्च कोणी सोसावा?

प्रश्न साधा दिसतो, परंतु ऑरिकच्या हद्दीत बांधकामास परवानगी देते विशेष नियोजन प्राधिकरण, गावठाणातील घरपट्टी घेते ग्रामपंचायत आणि प्राथमिक शाळा चालविते जिल्हा परिषद. 1966 च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे परवानगीबरोबर विकास शुल्क घेतले जाते. पण त्यात शाळेसाठी वेगळा हिस्सा राखलेला नसतो. 1962 च्या कायद्याने आलेला शिक्षण कर नागरी हद्दीतील मालमत्तांवर बसतो. तो नगरपालिका व महानगरपालिका गोळा करून शासनाकडे भरतात. एकाने वसूल करावे व दुसऱ्याकडे सोपवावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. कारखान्याने करांऐवजी ठोक रक्कम द्यावी, असा करार करण्याची मुभाही ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 125 मध्ये आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मात्र निराळा. त्यातून रंगरंगोटी होते, संगणक मिळतात. परंतु काम कंपनी निवडते, शाळेचा त्यावर हक्क नसतो.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील एक निकाल येथे उद्बोधक ठरेल. सेंट जॉन्स परगण्याने नव्या घरांवर शाळांसाठी शुल्क बसविले. परंतु शहरांच्या हद्दीत ते लागू होण्यास त्या त्या नगरपालिकेचा करार लागे. 1991 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शुल्काचे तत्त्व मान्य केले. मात्र परगण्यातील जवळजवळ सर्व लोकवस्ती त्याखाली येईपर्यंत वसुली करू नये, असे ठरविले. एकाने भरावे आणि न भरणाऱ्याच्या मुलांनीही त्याच शाळेत बसावे, हे न्याय्य नव्हते. म्हणजे शेजारी संस्थांच्या संमतीवाचून शुल्क कागदावरच राहिले.

आपल्याकडे असे शुल्क नाही. तथापि मागणीचा आधार शिक्षकाच्याच हाती आहे. शिक्षणहक्क कायदा, 2009 नुसार पहिली ते पाचवीच्या 60 मुलांस 2 शिक्षक लागतात. तीच मुले 110 झाली की 4, आणि प्रत्येक शिक्षकास किमान एक खोली. समजा, नव्या वसाहतीत शंभर घरांमागे शाळेत जाण्याजोगी पंचवीस मुले आढळली. मग दोनशे घरांची परवानगी निघताच पन्नास मुलांची तजवीज मागता येते, तीही इमारत उभी राहण्यापूर्वी. शंभर घरांमागील हा खरा आकडा प्रत्येक गावी निराळा असणार. तो घरोघर फिरूनच मिळतो. अंदाजाने लिहू नये.

मुलांची नोंद ठेवणे व स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे हे त्याच कायद्याच्या कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. दाखला आला नाही म्हणून मूल परत पाठवू नये. ते पटावर आले नाही तर मागणीतही येत नाही. मुख्याध्यापकांनी वस्तीवार यादी ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना द्यावी आणि तिची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. बांधकामावरील झोपड्यांतील मुले अशा यादीतून हटकून सुटतात, कारण ज्या इमारतीवर त्यांचे आईबाप राबतात तिची परवानगी कागदावर असते, झोपडीची नसते. तेथे सायंकाळी, काम सुटल्यावर जावे.