तंतुवाद्ये आणि समूहवादन : ग्रामीण प्राथमिक शाळेसाठी एक पाठक्रम

प्राथमिक शाळेत संगीताचा विचार बहुधा २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला म्हणजे होतो. गोड गळ्याची दहाबारा मुले निवडली जातात, त्यांच्याकडून दोन गीते घोटून घेतली जातात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजविण्यासाठी ओळीने बसविला जातो. समारंभ चांगला पार पडतो. शिक्षण मात्र थोड्यांचेच होते. ज्या मुलाला आठव्या वर्षी ‘तुझा सूर लागत नाही, मागे बैस’ असे सांगितले जाते, ते मूल पुढेही मागेच बसते. संगीताच्या तासाची खरी कसोटी समारंभात कोण पुढे उभा राहिला ही नसून, वर्षभरात किती मुले ऐकावयास शिकली ही होय.

या कामी तंतुवाद्याचा उपयोग फार मोठा आहे. गळ्यातील स्वर दिसत नाही, धरता येत नाही. तारेवरील स्वर डोळ्यांना दिसतो, बोटाला जाणवतो आणि फूटपट्टीने मोजताही येतो. म्हणून ज्याचा गळा अद्याप वळलेला नाही, त्यालाही तार स्वराची वाट दाखविते. मात्र त्यासाठी एक क्रम पाळणे अवश्य आहे : आधी एक मोकळी तार सर्वांनी मिळून चांगली वाजविणे, आणि मग धून. हा क्रम उलटा झाला की प्रत्येक मूल आपापली धून वाजविते आणि समूह नावापुरताच राहतो.

पूर्वपीठिका

हिंगोली जिल्ह्यातील शिक्षकास समूहसंगीत नवे नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेले नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि भजनाची परंपरा गावोगाव चालत आलेली आहे. सप्ताहात वीणा अखंड उभी असते. पहारा बदलताना एक वीणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो. ती भुईवर टेकवीत नाहीत. माणूस बदलतो, सूर तुटत नाही. समूहवादनाचे मर्म सांगण्यास याहून सोपे उदाहरण शोधण्याची गरज नाही. तसेच शाहिराच्या पोवाड्यामागे आणि गोंधळ्याच्या संबळाजवळ तुणतुण्याची एकच तार सतत बोलत असते. ती धून वाजवीत नाही. पण ती थांबली तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते.

शाळेतील सामुदायिक संगीतशिक्षणाचीही काही उदाहरणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. कुरुंदवाड येथे जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरुगृही एकेकट्याने शिकावयाची विद्या वर्गात आणली. मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास, रोगाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना एकत्र करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला. त्यासाठी त्यांनी बंदुकांच्या नळ्यांपासून ‘नलतरंग’ हे वाद्य तयार केले. उत्तम साधने मिळेपर्यंत शिक्षण थांबवावे लागत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

तिसरे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चच्या शाळांतून खेड्यातील मुलांना स्वरवाचन, गायन व व्हायोलिन शिकविले जाई. मुले अक्षरांबरोबर स्वर शिकत आणि चर्चमधील गायनवृंदात बसत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत पुढे गोव्याचे अनेक वादक दिसू लागले, त्याचे मूळ या शाळांत आहे. माजोर्डा या गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे वडील गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईस आले, नामांकित व्हायोलिनवादक व वाद्यवृंद-संयोजक झाले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. मैहर आणि गोवा या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आढळते : मूल आधी एकटे तयार झाले आणि मग समूहात आले, असे नव्हे, ते पहिल्या दिवसापासून इतरांबरोबर बसूनच शिकले.

साधने

शाळेत व्हायोलिन नसेल तर पाठक्रम अडत नाही. गावच्या भजनी मंडळाची एकतारी व वीणा आणि शाहिराचे तुणतुणे विनंती केल्यास काही काळ मिळू शकते. तंबोरा मिळाला तर उत्तमच. मिरजेच्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही वाद्ये भोपळा व लाकूड यांपासून कशी घडतात, हा परिसर अभ्यासाचाही विषय होऊ शकेल.

याशिवाय ‘तारेची फळी’ शाळेतच करता येते. सुमारे ८० सेंटिमीटर लांबीच्या जाड फळीवर, एकमेकींपासून बरोबर ६० सेंटिमीटर अंतरावर, लाकडाच्या दोन घोड्या बसवाव्यात. एका टोकास खिळा व दुसऱ्या टोकास खुंटी ठेवून वाद्याची पोलादी तार ताणावी. फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेवली की आवाज मोठा होतो. तार ताणण्याचे काम शिक्षकानेच करावे. त्या वेळी मुलांचे चेहरे तारेच्या रेषेत नसावेत, कारण तुटलेली तार डोळ्यास इजा करू शकते.

ऋतूचाही विचार ठेवावा. पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून घट्ट होतात व तुणतुण्याचे कातडे सैल पडते. उन्हाळ्यात खुंट्या सुटू लागतात. सुटणाऱ्या खुंटीस खडूची थोडी पूड लावल्यास ती धरून राहते. वाद्य उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली तापू देऊ नये.

पहिला टप्पा : मोकळी तार

प्रारंभी केवळ छेड शिकवावी. मुलाने ताठ पण ताण न घेता बसावे, खांदे खाली असावेत. एकतारीची तार तर्जनीच्या पेराने छेडावी. नखाने ओरबाडू नये. छेडल्यावर बोट तारेपासून दूर न्यावे व नाद संपेपर्यंत ऐकावे. ‘आवाज कोठे संपला ते हात वर करून दाखवा’ असे सांगितले की सबंध वर्ग शांत होतो. ही शांतता शिस्तीच्या धाकाने आलेली नसते, ऐकण्यासाठी आलेली असते. मुलास पुढची छेड पहिल्या छेडीइतकीच मोठी करता येऊ लागली, म्हणजे हा टप्पा साधला.

तंबोरा असल्यास पहिली तार मधल्या बोटाने व उरलेल्या तीन तर्जनीने, एकसारख्या संथ गतीने छेडावयाची असते. सर्वसाधारणपणे पहिली तार मंद्र पंचमात, मधली जोडी षड्जात आणि शेवटची खर्जाच्या षड्जात लावतात.

दुसरा टप्पा : स्वर मिळविणे

दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या, पण पूर्ण मिळाल्या नाहीत, तर नाद लाटेसारखा फुगतो व ओसरतो. एक तार सेकंदास २४० व दुसरी २४३ कंपने करीत असेल तर सेकंदात तीन लाटा ऐकू येतात. खुंटी हलकेच फिरविताना लाटा संथ होत जातात आणि तारा मिळाल्या की नाहीशा होतात. शास्त्रात यास ‘विस्पंद’ म्हणतात. मुलांना लाटा मोजावयास सांगाव्यात. स्वरज्ञान नसलेले मूलही लाटा मोजू शकते, आणि ज्याने लाट ओळखली त्याचा कान तयार होऊ लागला, असे समजण्यास हरकत नाही.

तिसरा टप्पा : तारेवर बोट

आता तारेची फळी घ्यावी. ६० सेंटिमीटरची मोकळी तार हा षड्ज मानावा. तिसरी, सरकती घोडी तारेखाली ठेवून वाजणारा भाग ४८ सेंटिमीटर केला की शुद्ध गांधार, ४५ केला की शुद्ध मध्यम, ४० केला की पंचम आणि ३० केला की वरचा षड्ज मिळतो. म्हणजे मूळ लांबीचे अनुक्रमे ४/५, ३/४, २/३ व १/२. गणिताच्या तासात कोरडे वाटणारे अपूर्णांक येथे कानांनी ऐकू येतात. आधी स्वर कानाने शोधावा, मग खूण करून मोजावे. उलट क्रमाने केल्यास मूल फूटपट्टी पाहते, ऐकत नाही.

नंतर घोडी काढून बोट ठेवावे. बोट वाकलेले असावे व टोकाने तार दाबावी. दाबल्याने तार किंचित ताणली जाऊन स्वर थोडा चढतो, म्हणून खुणेवर डोळे मिटून विसंबू नये. खूण ही वाट दाखविते, निवाडा कानानेच करावा.

चौथा टप्पा : गज

ज्या शाळेत दिलरुबा किंवा व्हायोलिन उपलब्ध असेल, तिने येथे गजाचे काम घ्यावे. दिलरुब्यास पडदे असतात, त्यामुळे नवशिक्यास स्वरस्थान लवकर सापडते. व्हायोलिनला पडदे नसल्याने कानावर अधिक भार येतो. व्हायोलिन मुलाच्या मापाचे असावे. पाव, अर्ध्या व पाऊण मापाची व्हायोलिने मिळतात. मोठ्या मापाचे वाद्य लहान मुलास दिल्यास खांदा व मनगट आखडते.

व्हायोलिनचा गज तारेस काटकोनात व घोडीस समांतर चालावा. केसांना बोट लावू नये. बोटाच्या तेलाने ते तार पकडीत नाहीत. राळ बेताने लावावी. गजाचा भार, वेग आणि घोडीपासूनचे अंतर या तीन गोष्टींवर आवाज अवलंबून असतो. आवाज किरकिरला तर भार अधिक किंवा वेग कमी आहे. पोकळ शिटीसारखा आला तर बहुधा भार कमी आहे. हे कारण मुलास सांगावे. ‘वाईट वाजले’ एवढेच सांगितल्याने काही सुधारत नाही. प्रथम चार मात्रांत एक लांब गज वर व चार मात्रांत एक खाली, असा मोकळ्या तारेवरचा सराव द्यावा. वादनानंतर गजाचे केस सैल करण्याची सवय लावावी.

पाचवा टप्पा : समूह

वर्गाचे चार गट करावेत व आठ मात्रांचा केरवा धरावा. पहिल्या गटाने मंद्र षड्जाची तार पहिल्या व पाचव्या मात्रेस छेडावी. दुसऱ्याने एकतारी किंवा तुणतुणे प्रत्येक मात्रेस वाजवावे. तिसऱ्याने पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या मात्रेस टाळ हलके वाजवावेत. चौथ्याने धून वाजवावी किंवा गावी. दर आठवड्यास गटांची कामे बदलावीत. धून वाजविणारा मोठा आणि षड्ज धरणारा लहान, अशी समजूत रुजू देऊ नये.

वर सांगितलेल्या वीणेच्या रीतीवरून एक उत्तम अभ्यास घेता येतो. पहिला गट षड्ज धरतो. शिक्षकाची खूण होताच तोच स्वर, त्याच लयीत, दुसरा गट उचलतो व पहिला थांबतो. मध्ये खंड पडला तर पुन्हा आरंभ करावा. देणाऱ्याने घाई करू नये व घेणाऱ्याने आधीच तयार असावे, ही समज मुलांना उपदेशाने नव्हे, तर या खेळाने येते.

समूहात मुले बहुधा लय वाढवितात. त्यावर ओरडणे हा उपाय नव्हे. तीच रचना अगदी हळू आवाजात वाजवून घ्यावी. दुसऱ्याचे ऐकू येऊ लागले की लय आपोआप सावरते. प्रत्येक मुलास शेजाऱ्याचे वाद्य ऐकू आले पाहिजे. ज्याला केवळ स्वतःचेच वाद्य ऐकू येते, तो फार मोठ्याने वाजवीत आहे.

मागे राहणारे मूल

सर्व प्रयत्नांनंतरही ज्याचा स्वर हलत राहतो अशा मुलास गटाबाहेर काढू नये. त्यास मोकळी तार द्यावी व स्थिर स्वर असणाऱ्या मुलाच्या शेजारी बसवावे. मोकळी तार एकदा नीट लावली की ती त्याच्या हाताखाली चुकत नाही. म्हणून त्यास प्रथमच बरोबर असण्याचा अनुभव येतो. त्या स्थिर नादात रोज बसून त्याचा कानही वळू लागतो. श्रवणदोषाची शंका आल्यास मात्र पालकांना सांगून वैद्यकीय तपासणी करवावी. अशा मुलास तारेवर हात ठेवून कंप जाणवतो, आणि त्या आधारे तो लयीत सहभागी होऊ शकतो.

परीक्षण

सत्राच्या अखेरीस गुणांकनापेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात : मूल न मिळालेल्या तारांतील लाट ओळखते काय, आपली पाळी नसताना शांत राहून मात्रा मोजते काय, खुणेवर इतरांबरोबर आरंभ व अंत करते काय, आणि वाद्य वापरून झाल्यावर जागच्या जागी ठेवते काय. धून किती आल्या हा प्रश्न शेवटचा.

या पाठक्रमातून प्रत्येक शाळेस वादक मिळतील असे नाही, आणि तो त्याचा हेतूही नाही. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस जण एका षड्जावर स्थिर बसू शकले, आणि त्यांत काल मागे बसविलेले मूलही असले, तर शाळेच्या संगीतशिक्षणाचा पाया पक्का झाला, असे शिक्षकाने निःशंक मानावे.