बालाघाटावरील काफिले : एका फिरत्या गावाची व्यवस्था

बीडहून दक्षिणेस निघालेला रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर येतो. तेथून केजच्या वाटेला लागले की नेकनूर हे बाजारपेठेचे गाव लागते. येथील आठवडी बाजारात आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील शेतकरी धान्य, शेळ्या-मेंढ्या आणि बैल घेऊन येतात. दसऱ्याच्या सुमारास बैलजोडीची पारख करणारा गिऱ्हाईक बहुधा शेतीच्या कामासाठी बैल पाहत नसतो. त्याला लांबचा पल्ला गाठावयाचा असतो. ऊसतोडीचा हंगाम जवळ आलेला असतो आणि डोंगरातील गावे प्रवासाच्या तयारीला लागलेली असतात. ह्या प्रवासाचे स्वरूप काय आणि त्यासंबंधी गावकारभाऱ्यांचे कर्तव्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डोंगर आणि वाटा

बालाघाटाची रांग अहिल्यानगर जिल्ह्याकडून आग्नेय दिशेस बीड, धाराशिव, लातूर असा विस्तार पावली आहे. बिंदुसरा ह्याच डोंगरात उगम पावून उत्तरेस सिंदफणेला मिळते. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावून आग्नेयेकडे वाहते. नद्यांचे हे माहेर असले, तरी पठारावरील जमीन बहुतांशी हलकी आणि पाऊस बेभरवशाचा आहे. खरिपाचे पीक हाती आल्यावर पुढील सहा महिने काय करावयाचे, हा येथील कुटुंबांपुढचा जुनाच प्रश्न होय.

दख्खनच्या पठारावर काफिल्यांची परंपरा पुरातन आहे. लमाण नायकांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून किनाऱ्याचे मीठ वर आणीत आणि देशावरचे धान्य खाली नेत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तॅव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचा उल्लेख केला आहे. एवढा मोठा समुदाय सुखरूप चालत असे, तो व्यवस्थेच्या बळावर. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असत, पाणी आणि चारा कोठे मिळेल हे आधीच ठाऊक असे आणि साऱ्या तांड्याची जबाबदारी नायकावर असे. 1853 मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला. पुढे रेल्वे व पक्क्या सडका पसरत गेल्या, तसा हा व्यापार मोडला. लमाण समाज डोंगरकुशीत स्थिरावला आणि त्याच्या वस्त्यांना तांडा हेच नाव राहिले.

नवा काफिला

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात 1950-51 मध्ये गाळप सुरू झाले. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. उसाची तोडणी थोड्या महिन्यांत उरकावी लागते, त्यासाठी फार मोठे मनुष्यबळ लागते. 1972 च्या दुष्काळाने पोळलेल्या कोरडवाहू मुलखातून ते मिळू लागले. बालाघाटावरून नवे काफिले उतरू लागले, ते असे.

या काफिल्याचे घटक समजून घेणे आवश्यक आहे. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. अनेक कोयत्यांची टोळी होते आणि तिचा प्रमुख मुकादम असतो. हंगामापूर्वी तो कुटुंबाला 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती पुढे कामातून फेडावयाची असते. ज्यांच्याकडे बैलजोडी आहे ते टायरगाडीने ऊस वाहतात. कारखान्याजवळ उभारलेल्या पाचटाच्या कोपीत कुटुंब चार-पाच महिने राहते.

पूर्वी गाड्यांची रांग पाटोदा, जामखेडमार्गे दिवसाकाठी सहा-सात कोसांची मजल मारीत जाई. गाडीत धान्याची पोती, भांडी, सरपण, म्हातारे आणि लेकरे असत. आज पुष्कळ टोळ्या ट्रक किंवा ट्रॅक्टरने जातात, बैलगाड्याही अनेकदा ट्रकवर चढविल्या जातात. प्रवासाचे दिवस घटले, धोके मात्र सर्वस्वी टळले नाहीत. अंधारात मागून येणाऱ्या वाहनाला न दिसणारी गाडी, सामानाच्या वर बसलेली मुले, शौचालयाविना थांबे आणि गरोदर स्त्रीला वाटेत सुरू झालेल्या कळा, हे प्रसंग ह्या वाटेवरील गावांना अपरिचित नाहीत.

मोजणीतून सुटणारे गाव

आपले प्रशासन गावाच्या शिवारावर आधारलेले आहे. रेशन, शाळेचा पट, लसीकरण, मतदारयादी ही सर्व एका ठिकाणी राहणाऱ्या माणसाच्या हिशेबाने चालतात. काफिला शिवाराबाहेर पडताच तो एका गावाच्या नोंदीतून सुटतो आणि दुसऱ्या गावाच्या नोंदीत येत नाही. याचा सर्वांत मोठा फटका मुलांना बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळा सोडून गेलेले मूल एप्रिलच्या सुमारास परतते, तोवर वर्षाचा अभ्यास पुढे गेलेला असतो. दोन-तीन हंगाम असे गेले की मुलाच्या हाती पाटीऐवजी कोयता येतो आणि उचलीचा वारसा पुढच्या पिढीकडे जातो.

ह्या स्थितीवर उपाय योजले गेले आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. स्थलांतरित पालकांच्या मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. सोबत जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत विनासायास प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली 41 तालुक्यांत मुलामुलींसाठी 82 वसतिगृहांना मान्यता देण्यात आली. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांकडे सोपविण्यात आले. तथापि योजना कागदावरून गाडीपर्यंत पोहोचते, ती गावातील माणसांमुळेच.

गावाने काय करावे

पहिली गोष्ट वेळेची. उचल घेतली जाते तेव्हाच कोण जाणार हे गावात ठरलेले असते. त्या सुमारास ग्रामसभा घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. गाड्या जुंपल्यावर केलेली यादी उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. त्यांनी प्रत्येक पालकाला विचारावे की मूल आजीजवळ राहील, वसतिगृहात राहील की सोबत जाईल. सोबत जाणार असेल, तर हमी कार्ड पालकाच्या हाती द्यावे, त्याचा उपयोग समजावून सांगावा आणि तेथील शाळेशी स्वतः संपर्क ठेवावा.

तिसरी गोष्ट आरोग्याची. आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांनी गरोदर माता आणि लहान बालके यांची कार्डे निघण्यापूर्वी पूर्ण करून सोबत द्यावीत.

चौथी गोष्ट वाटेची. गाड्यांच्या मागील बाजूस प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावण्यास फार खर्च येत नाही. वाटेवरील ग्रामपंचायतींनी गायरानाचा किंवा बाजारतळाचा एक भाग मुक्कामासाठी राखून तेथे पाणी, दिवा, शौचालय आणि जनावरांसाठी हौद यांची सोय करावी.

ही कल्पना अव्यवहार्य नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये पर्यटकांसाठी कॅराव्हॅन धोरण स्वीकारले. घरासारख्या सोयी असलेल्या वाहनातून दुर्गम डोंगर आणि लहान गावे पाहत हिंडणाऱ्या प्रवाशाला मुक्कामी जागा, पाणी आणि वीज मिळावी, हा त्यातील विचार स्वागतार्ह आहे. हौसेने फिरणाऱ्या काफिल्याची गरज ओळखणाऱ्या समाजाला पोटासाठी फिरणाऱ्या काफिल्याची गरज ओळखणे कठीण जाऊ नये. एकाच तळावर दोघांचीही सोय होऊ शकते.

बालाघाटावर सिंचन, फळबागा आणि उद्योग वाढून स्थलांतराची गरजच कमी व्हावी, हे अंतिम ध्येय होय. ते गाठीपर्यंत दर दसऱ्याला गाड्या निघणारच. नेकनूरसारख्या बाजारगावी बैलांची खरेदी सुरू झाली, की परिसरातील ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी आपल्या याद्या हाती घ्याव्यात. त्या महिन्याभरात झालेले काम पुढे सहा महिने त्या कुटुंबाच्या सोबत चालते.