‘डोन्ट सेव्ह’ची सवय

गेली सहा वर्षं आमच्या गावातल्या ५ बचत गटांचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते आहे. दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची झळ बसली ती एका मावशींना. नव्याने हिशेब संगणकावर घेणाऱ्या मैत्रिणी माझ्याकडे येतात तेव्हा बेरीज कशी करायची, व्याज कसं काढायचं, हे आधी विचारतात. मी त्यांना आधी फाइल बंद करायला शिकवते.

माझ्याकडे तेव्हा दोन फाइली होत्या. एक मासिक वसुलीची: बचत, कर्जाचा हप्ता, व्याज, दंड. दुसरी थकबाकीची. थकबाकीच्या फाइलीत आजची तारीख आपोआप आणणारं ‘टुडे’ हे सूत्र होतं. कोणाचा हप्ता किती दिवस राहिला ते त्यावरून निघायचं. ती फाइल मी नुसती बघायला उघडायचे. तरी बंद करताना दर वेळी चौकट यायची, बदल सेव्ह करायचे का? मी काही बदललेलंच नाही, मग सेव्ह काय करायचं, म्हणून मी ‘डोन्ट सेव्ह’ दाबायचे. असं महिनोन् महिने चाललं आणि बोटाला तेच वळण लागलं.

त्या दिवशी पाचही गटांची वसुली भरायला जवळजवळ तीन तास लागले. फाइलीला नाव पूर्वीच दिलेलं होतं, म्हणून ती सेव्ह आहे असं मी धरून चालले. मधे थकबाकी बघायला दुसरी फाइल उघडली. वीज जायची वेळ झाली होती. घाईघाईने दोन्ही फाइली एकामागून एक बंद केल्या. दोनदा चौकट आली, दोनदा ‘डोन्ट सेव्ह’ दाबलं. दुसऱ्या चौकटीत वसुलीच्या फाइलीचं नाव लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही.

रात्री फाइल उघडली तर तो महिना कोरा. वसुलीचे कागद जवळ होते म्हणून सगळं पुन्हा भरत बसले, पण डोळे मिटत होते आणि एक ओळ सुटली. तेरीज जुळवायची ती सकाळवर टाकली, सकाळी राहूनच गेली. पुढच्या बैठकीत थकबाकीची यादी वाचली, तर त्यात मावशींचं नाव, १५०० रुपये. मावशी काही बोलल्या नाहीत. पिशवीतून पासबुक काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. हप्ता वेळेवर भरलेला होता आणि त्यापुढे सही माझीच होती. मी तिथेच सगळ्यांसमोर माफी मागितली. पण ज्या बाईने एक हप्ता कधी चुकवला नाही, तिचं नाव थकबाकीत वाचलं गेलं ते गेलंच.

त्यानंतर मी हे सगळं नीट समजून घेतलं. ‘टुडे’चं सूत्र फाइल उघडताच नव्याने आकडा काढतं. आपण एका घरालाही हात लावला नसला तरी एक्सेलच्या लेखी फाइल बदललेली असते, म्हणून ते विचारतं. हे ठाऊक नसलं की तो प्रश्न निरर्थक वाटतो, आणि निरर्थक वाटणारा प्रश्न माणूस वाचायचा सोडतो. माझं नेमकं तेच झालं. आता चौकट आली की मी माउसवरचा हात काढते, फाइलीचं नाव वाचते आणि मगच बटण दाबते. मनात जरा शंका असली तर ‘कॅन्सल’. कॅन्सलने काहीच जात नाही, फाइल होती तशी समोर राहते.

दुसरं म्हणजे, पडद्यावर दिसणारा आकडा संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. डिस्कवर उतरतो तो सेव्ह केल्यावरच. सकाळी नाव दिलं म्हणून दुपारचं काम जपलं जात नाही. मी एका गटाची वसुली भरून झाली की कंट्रोल आणि एस दाबते, मग पुढच्या गटाचा कागद हातात घेते. बटणावर ते चौकोनी चित्र कसलं, असं मुली विचारतात. ती ३.५ इंची फ्लॉपी. पूर्वी फाइली तिच्यावर ठेवत.

सगळ्यात हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एक्सेल साधारण दर १० मिनिटांनी स्वतःपुरती एक प्रत काढून ठेवतं. ती सोय चालू असेल, तर ‘डोन्ट सेव्ह’ म्हटल्यावरही शेवटची प्रत ‘फाइल’मधल्या ‘इन्फो’त, ‘मॅनेज वर्कबुक’पाशी सापडू शकते. मला ते माहीत नव्हतं. मी त्याच फाइलीत पुन्हा भरलं, सेव्ह केलं, बंद केलं. तसं केल्यावर ती जुनी प्रत राहत नाही. म्हणून असं काही झालं तर पुन्हा भरायला बसू नका, आधी तिथे बघा.

नव्या फाइलीला ‘बुक१’ या नावावर सोडू नका. एफ१२ दाबून नाव द्या, कुठल्या फोल्डरमध्ये जाते आहे ते बघा. मी नावात आधी वर्ष, मग महिना घालते, म्हणजे यादी क्रमाने लागते. प्रकार एक्सेल वर्कबुकच ठेवा. सीएसव्ही निवडलं तर फक्त समोरची शीट जाते आणि सूत्रांच्या जागी नुसते आकडे उरतात. ईमेलवर आलेली फाइल तिथूनच उघडून भरू नका, ती कुठल्या तरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये सेव्ह होते आणि नंतर सापडत नाही. आधी उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नका.

काम संपलं की मी सेव्ह करते, फाइल बंद करते आणि लगेच पुन्हा उघडते. प्रत्येक गटाची शेवटची ओळ कागदाशी ताडून बघते, तेरीज रोख रकमेशी जुळवते. पाच-सात मिनिटं जातात. संगणक ‘शट डाऊन’ करते तो त्यानंतरच.