खेळ अडखळतो तो कोठे?

मुलांचा खेळ अडखळला की आपण महागडी जोडणी घेण्यास धावतो. पैसा खर्चण्यापूर्वी दोषाचे ठिकाण शोधावे.

संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा वेळ म्हणजे ‘पिंग’. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. बेळगाव-मुंबई जाण्यायेण्यास त्याला 10 मिलिसेकंदही लागत नाहीत. बाकीचा वेळ बहुधा खोळंब्याचा.

प्रथम घरच्या राउटरलाच पिंग करावे. तेथेच आकडे वरखाली झाले तर दोष वाय-फायचा. कॅम्पातील जुन्या बंगल्यांच्या जाड भिंती लहरी अडवितात. तेथे तार जोडावी.

ते आकडे स्थिर असून, घरात कोणी चित्रफीत पाठविताना बाहेरचे पिंग वाढले, तर संदेशांची रांग साचते. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ सोय असल्यास वेगमर्यादा जोडणीहून किंचित कमी ठेवावी.

एवढ्यानेही न सुधारल्यास आकडे लिहून सेवादात्याकडे जावे.