बिबट्याचा तंटा आणि कॅमेऱ्याची साक्ष

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगतचे मानपाडा हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी वसलेले आहे. एका बाजूस सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे अरण्य, दुसऱ्या बाजूस दाट वस्ती, आणि मधल्या डोंगरउतारावर आदिवासी पाडे. अशा ठिकाणी बिबट्या दिसला की पिंजरा लावण्याची मागणी होते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. त्यामुळे या मागणीमागील भय खरे आहे. परंतु पिंजऱ्याने ते दूर होते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबटे पकडून दूर सोडण्यात येऊ लागले. पुढील अभ्यासात असे आढळून आले की, माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी तेथे स्थिर राहत नाही. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यातील पट्ट्याच्या साहाय्याने अभ्यासण्यात आला. तो सुमारे १२० किलोमीटर चालून याच उद्यानात पोहोचला. म्हणजे एका गावाचा प्रश्न दुसऱ्या गावाच्या दारी जातो, इतकेच.

हे ध्यानी घेऊन २०११ मध्ये उद्यान प्रशासनाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. त्यात संशोधक, पोलीस, महापालिका, पत्रकार व रहिवासी यांना एकत्र आणण्यात आले. जंगलवाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले गेले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते. म्हणून छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. २०१५ च्या अभ्यासात असे ३५ बिबटे ओळखले गेले. पुढे २०२१ मध्ये काही बिबट्यांना पट्टे बसवून त्यांच्या हालचालींची नोंद घेण्यात आली.

यातून झालेला मुख्य लाभ असा की, वाद अफवांवरून न होता सर्वांसमोर असलेल्या एकाच नोंदीवरून होऊ लागला. एकच बिबट्या पाच जणांना दिसला, तर ते पाच बिबटे नव्हेत, हे छायाचित्र दाखवून पटविता येते. तथापि कॅमेरा निवाडा देत नाही. तो माणसांनी एकत्र बसून करावयाचा असतो.

ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. गावाच्या नकाशावर गोठे, उघडा कचरा, अंधाऱ्या वाटा व बिबट्या दिसल्याच्या जागा तारीखवार मांडाव्यात.

२. कॅमेऱ्याची जागा वनविभागाने ग्रामस्थांच्या संमतीने ठरवावी. स्त्रियांच्या पाणवठ्याच्या व शौचाच्या वाटा टाळाव्यात.

३. छायाचित्रे व नकाशा ग्रामसभेत सर्वांना दाखवावीत. पाड्यावरील माणसांचे म्हणणे आधी ऐकावे.

४. कचऱ्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून कचरा वेळेवर हलवावा. गुरे व शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवाव्यात. लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये.

५. जनावर दगावल्यास ते न हलविता वनविभागास त्वरित कळवावे व पंचनामा करवून घ्यावा. भरपाईस विलंब झाला की नोंदीवरचा विश्वासही उडतो.